क्वार्टरचे दार कोणीकडे उघडते

आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपले एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झाले आहे, एका धर्मादाय संस्थेच्या मुलांच्या बालगृहात अधीक्षिका म्हणून आपली निवड झाली आहे आणि राहण्यासाठी आवारातच दोन खोल्यांचे क्वार्टर मिळणार आहे. यजमान तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरीला आहेत, मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मुलगी साडेचार वर्षांची. घरची मंडळी म्हणतात, ‘स्वतःची मुले अनाथाश्रमात वाढवणार का?’ आणि आपण विचारता की तिथल्या वातावरणाचा आपल्या मुलांवर वाईट परिणाम तर होणार नाही ना.

सातारा जिल्ह्यातील एका धर्मादाय संस्थेच्या मुलांच्या बालगृहात मी १९९६ ते २०१९ अशी तेवीस वर्षे अधीक्षिका होते. साठ मुलांची मान्यता होती आणि आम्ही आवारातल्या क्वार्टरमध्येच राहत होतो. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आम्ही राहायला गेलो तेव्हा मुलगा पाच वर्षांचा आणि मुलगी दोन वर्षांची होती. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते या अनुभवातून आलेले आहे. मुलींच्या गृहाचा, शिशुगृहाचा किंवा वृद्धाश्रमाचा हिशेब वेगळा असतो आणि त्यावर मी अधिकाराने बोलू शकत नाही.

पहिल्यांदा घरच्या मंडळींच्या शब्दाविषयी. ‘अनाथाश्रम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसलेला आहे, परंतु बालगृहात आलेल्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील, निदान एक तरी पालक, असतो. कोणाची आई ऊसतोडीला जाते, कोणाचे वडील दारूपायी घर सोडून गेलेले असतात, कोणी स्टेशनवर सापडलेला असतो आणि त्याचे गाव शोधणे चालू असते. त्या मुलांपासून माझ्या मुलांना वाईट वळण लागले, असे तेवीस वर्षांत मला म्हणता येणार नाही. शिव्या शिकली, हे खरे. पण माझा भाऊ कऱ्हाडात बंगल्यात राहतो आणि त्याच्या मुलांनाही त्याच शिव्या येत होत्या. खरूज आणि उवा मात्र घरात आल्या. एका मुलाला खरूज दिसली की साठ मुले, कर्मचारी आणि अधीक्षिकेचे कुटुंब अशा सर्वांनी एकाच रात्री औषध लावायचे आणि सर्वांचे कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवून उन्हात टाकायची, हे एकदा अंगवळणी पडले की त्याचे भय राहत नाही.

त्यामुळे माझ्या मते आपला खरा प्रश्न ‘तिथली मुले माझ्या मुलांना बिघडवतील का’ हा नाही. जिथे साठ मुलांचा हक्क आपल्या वेळेवर आहे आणि ती साठ मुले खिडकीतून आपला संसार पाहत आहेत, तिथे आपण आपल्या दोन मुलांची आई कशी राहणार, हा तो प्रश्न आहे. माझ्या मुलांनी जे सोसले ते बालगृहातल्या मुलांमुळे सोसले नाही, माझ्यामुळे सोसले. मी सर्वांना समान लेखते हे सिद्ध करण्याच्या भरात पहिली सहा-सात वर्षे ज्या चुका केल्या, त्या आपण टाळाव्यात म्हणून हे लांबलचक उत्तर.

या विषयावर बोलणे निघाले की महाराष्ट्रात दोन उदाहरणे हमखास दिली जातात. बाबा आमटे आणि साधनाताईंनी विकास आणि प्रकाश हे दोघे लहान असतानाच आनंदवनात संसार मांडला, तोही कुष्ठरुग्णांबरोबर, ज्यांच्या सावलीलाही त्या काळी लोक घाबरत. पुढे बाबांनी १९७३ साली गडचिरोलीतल्या हेमलकशाला सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी उभा केला आणि त्यांची मुलेही माडिया आदिवासी मुलांच्या बरोबरीने तिथेच वाढली. याच्या उलट अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या सिंधुताई सपकाळ यांनी आपल्या मुलीला, ममताला, पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या स्वाधीन केले, कारण पोटची मुलगी जवळ असली तर इतर लेकरांना माया देताना आपल्या हातून डावे-उजवे होईल, अशी भीती त्यांना वाटत होती. दोन्ही उदाहरणांपुढे मी हात जोडते. पण नवीन अधीक्षिकेला ती सांगणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही. ती माणसे संस्थापक होती, त्यांनी व्रत घेतले होते आणि संस्था म्हणजेच त्यांचा संसार होता. आपल्याला मिळणार आहे ते नियुक्तिपत्र, बहुधा वर्षभराच्या परिवीक्षेचे (प्रोबेशनचे). आपल्या नऊ वर्षांच्या मुलाने कसलेही व्रत घेतलेले नाही आणि त्याच्या वतीने आपण ते घेऊ नये. विश्वस्तांपैकी कोणी मुलाखतीत ‘ही नोकरी नाही, सेवा आहे’ असे म्हणाले असेल, तर ते वाक्य ऐकून घ्यावे आणि आठवडी सुट्टीच्या दिवशी प्रभार कोणाकडे राहणार, हे नम्रपणे विचारावे.

आता माझ्या चुका सांगते.

आमचा मुलगा पाचवीत गेला तेव्हा त्याच्या मामाने त्याला सायकल घेऊन दिली. बालगृहातल्या मुलांना वाईट वाटेल म्हणून मी ती आतल्या खोलीत, पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत, चादर टाकून ठेवली. तो रविवारी तिला घेऊन यजमानांबरोबर गावाबाहेर जायचा, तिकडे चालवायचा आणि अंधार पडल्यावर ती परत आत यायची. महिनाभर असे चालले. मग एके दिवशी सहावीतला एक मुलगा कोठीघरात मला गव्हाची पोती मोजायला मदत करत होता, तो सहज म्हणाला, “काकू, सायकल लपवू नका. आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, मला सावरून घ्यावे तसा त्याचा सूर होता, आणि त्याचेच मला जास्त लागले. या मुलांना मोठ्या माणसांनी आयुष्यभर काही ना काही लपवून फसवलेले असते. ‘आई आठ दिवसांनी येते’ असे सांगून गेलेली असते. त्यांच्यासमोर मी आणखी एक लपवणारी बाई झाले होते. दुसऱ्याच्या घरी सायकल आहे हे त्यांना सहन होते, कारण शाळेत ते रोज तेच पाहत असतात. त्या दिवसापासून सायकल व्हरांड्यात उभी राहू लागली. ती माझ्या मुलाची आहे आणि त्याला विचारून घ्यायची, असे सर्वांना सांगितले. चेन दोनदा तुटली. बाकी काही झाले नाही.

याच कारणाने मी ‘आई’ या संबोधनाच्या विरोधात आहे, आणि यावर माझे अनेक सहकाऱ्यांशी मतभेद झालेले आहेत. देणगीदारांना आणि वर्तमानपत्रांना ‘साठ मुलांची आई’ हे फार आवडते. मात्र मुलाला आई एकच असते, ती कशीही असली तरी, आणि तिची जागा रिकामी आहे असे समजून तिथे बसणे योग्य नाही. शिवाय ‘आई’ म्हणवून घेतल्यावर रात्री आपण दार लावून आपल्या दोन मुलांना कुशीत घेऊन झोपतो तेव्हा उरलेल्या साठांनी काय समजायचे? ‘ताई’, ‘काकू’, ‘मॅडम’, यांपैकी जे आपल्या तोंडवळ्याला शोभेल ते असू द्यावे. काकूला स्वतःची मुले असतात, हे कोणालाही समजते. आणि काकूची माया खोटी असते, असेही कोणी मानत नाही.

दुसरी चूक भांडणांच्या निवाड्याची होती आणि तिची जाणीव व्हायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. क्रिकेट खेळताना, गोट्या खेळताना, पेरूच्या झाडावरून माझा मुलगा आणि बालगृहातली मुले यांची भांडणे व्हायची आणि तक्रार माझ्याकडेच यायची. पक्षपाताचा आळ येऊ नये म्हणून मी प्रत्येक वेळी आधी माझ्याच मुलाला रागवत असे. चूक कोणाची हे पाहिलेच जात नसे. काही वर्षांनी त्याने तक्रार करणेच सोडून दिले, आणि मला वाटले की मुलगा समजूतदार झाला. प्रत्यक्षात माझ्याकडे न्याय मागण्यात अर्थ नाही, हे त्याने ठरवून टाकले होते. दुसऱ्या बाजूच्या मुलांनाही त्यातून काही चांगले मिळत नव्हते. अधीक्षिकेच्या मुलाला हटकून मार बसवता येतो, एवढे काही चलाख मुलांनी हेरले होते. आमच्याकडे तेव्हा एक वयस्कर गृहपिता, म्हणजे मुलांची देखभाल करणारे कर्मचारी होते, निवृत्त सैनिक. त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितले, “बाई, तुमचे पोर असेल त्या भांडणात तुम्ही बसूच नका. तेवढे माझ्याकडे द्या.” कोर्टात न्यायाधीश स्वतःच्या नातेवाइकाचा खटला चालवत नाही, ही साधी गोष्ट मला माझ्या अंगणात सुचली नव्हती. पहिल्याच आठवड्यात अशी एखादी विश्वासू व्यक्ती ठरवून मुलांसमक्ष जाहीर करावी, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन.

तिसरी गोष्ट वेळेची. बालगृहाच्या कचेरीत भेटीची नोंदवही असते. पालक, नातेवाईक, देणगीदार कोणीही आले की त्यात दिनांक, नाव, कोणाला भेटायचे आणि भेटीचे कारण लिहून सही करायची असते. २००२ च्या पावसाळ्यात एकदा तपासणीची तयारी म्हणून मी ती वही चाळत होते, तर मध्येच पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ दिसली. नावाच्या रकान्यात माझ्या आठ वर्षांच्या मुलीचे नाव, कोणाला भेटायचे या रकान्यात ‘आई’ आणि कारणाच्या रकान्यात ‘बोलायचे आहे’. तिला कोणीतरी सांगितले असावे की काकूंना भेटायचे तर आधी वहीत लिहावे लागते. मी ती ओळ खोडली नाही. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी ती वाचली, काही न बोलता पान उलटले.

त्यानंतर आम्ही रात्री आठ ते नऊ हा तास बंद केला. त्या तासात क्वार्टरचे दार लोटलेले असे आणि बालगृहाचा फोन काळजीवाहकाकडे असे. रक्त, आग, ताप किंवा मूल बेपत्ता, या चार कारणांखेरीज दार वाजवायचे नाही, असे ठरले. मुलांनी तो नियम कर्मचाऱ्यांपेक्षा चांगला पाळला. एक तास ऐकायला फार थोडा वाटतो. परंतु दिवसभर साठ मुलांचे ऐकून घेतल्यावर स्वतःच्या मुलांचे ऐकायला कान उरत नाहीत, आणि हा तास दिवसाच्या अगदी शेवटी ठेवला तर त्यात माणूस नुसते पेंगते. म्हणून आपल्या सोयीने तो थोडा आधी ठेवता आला तर पाहावे.

आता सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहिते, कारण नातेवाईक हा विषय चोरून बोलतात आणि संस्था तो टाळतात. बालगृहात आलेल्या काही मुलांवर अत्याचार झालेले असतात आणि त्यांतली काही मुले जे सोसले त्याची नक्कल लहान मुलांवर करू शकतात. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु त्याकडे डोळेझाक केली तर सर्वच मुलांचे नुकसान होते. आमच्याकडे नियम असे होते: माझी मुले शयनगृहात जायची नाहीत, खेळ अंगणात आणि मैदानात, कोणताही खेळ बंद खोलीत नाही, आणि अंधार पडल्यावर ज्याने त्याने आपापल्या जागी. आपली मुलगी लहान आहे, तेव्हा अंगाला कोणी कसे हात लावू नये आणि लावलाच तर कोणाला सांगायचे, हे तिला तिच्या भाषेत आताच शिकवावे. काही घडल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि ‘संस्थेचे नाव जाईल’ म्हणून गप्प बसणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. हे विश्वस्तांना माहीत आहे ना, याची खात्री रुजू होण्यापूर्वीच करून घ्यावी.

याची दुसरी बाजू क्वचितच कोणी बोलते. आपले कुटुंब आवारात राहायला येते म्हणजे तिथल्या मुलांच्या जवळ काही नवी मोठी माणसे येतात. यजमान, दीर, सुट्टीत येणारा भाचा, या सर्वांना कर्मचाऱ्यांसारखेच नियम लागू असले पाहिजेत. कोणीही पाहुणा मुलाला एकट्याने क्वार्टरमध्ये बोलावणार नाही, कोणी मुलांना खाऊसाठी बाजारात नेणार नाही. यजमानांची पोलीस पडताळणी करून घ्यावी, त्यात कमीपणा मानू नये. माझ्या यजमानांनी स्वतःहून अर्ज केला होता आणि त्या कागदामुळे पुढे एकदा एका खोट्या तक्रारीच्या वेळी आमची बाजू लावून धरता आली. तसेच वाढदिवसाचे किंवा दिवाळीचे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकताना त्यात बालगृहातल्या मुलांचे चेहरे नसावेत. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात मुलांची ओळख उघड करण्यास बंदी आहे आणि कौतुकापोटी टाकला म्हणून फोटो क्षम्य ठरत नाही.

आणि एक गोष्ट, जी मी अनेक बालगृहांत डोळ्यांनी पाहिली आहे. अधीक्षकांच्या क्वार्टरमध्ये पाणी भरायला, भांडी घासायला, बाळाला खेळवायला बालगृहातली मुले असतात. ‘आवडीने येतात’, ‘घरच्यासारखी आहेत’ असे त्यावर सांगितले जाते. मुले आवडीने येतात हे खरे आहे, कारण घर पाहायची त्यांना भूक असते, आणि त्या भुकेच्या मोबदल्यात आपण आपली धुणीभांडी करून घेत असतो. आपल्या मुलांच्या मनावर याचा जो परिणाम होतो तो मी कोणत्याही शिवीपेक्षा वाईट समजते. समवयस्क मुलगा आपल्या ताटाखालची फरशी पुसतो, हे पाहत वाढलेल्या मुलाला पुढे समतेचे धडे देऊन उपयोग होत नाही. मोलकरीण परवडत नसेल तर घर थोडे अस्ताव्यस्त राहू द्यावे.

जेवणाबाबत आमची पद्धत अशी होती की क्वार्टरची चूल वेगळी, किराणा आमच्या पगारातून आणि वेगळ्या दुकानातून. दुपारचे जेवण मात्र मी मुलांच्या पंगतीत, त्यांच्याच भांड्यातले घेत असे, कारण त्याशिवाय आमटीत डाळ किती आणि पाणी किती हे कळत नाही. देणगीदारांकडून आलेला लाडू, केक, फराळ यांतले काहीही क्वार्टरमध्ये गेले नाही. माझ्या मुलीला याचे फार दुःख असे, विशेषतः आइस्क्रीम आले की. तिची समजूत घालायला रविवारी बाजारातून आणावे लागे. पण कोठीघराची किल्ली आणि साठा नोंदवही ज्या बाईच्या हातात आहे, तिच्या स्वयंपाकघरातून संस्थेच्या तुपाचा वास आला की कर्मचाऱ्यांसमोर तिचा शब्द संपतो.

शाळेविषयी मला एकच उत्तर देता येत नाही. आमची मुले चौथीपर्यंत बालगृहातल्या मुलांबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि ते छान चालले, कदाचित यजमान तिथेच शिक्षक होते म्हणून. पुढे हायस्कूलला गेल्यावर वर्गातली मुले माझ्या मुलालाही ‘आश्रमातला’ म्हणू लागली. त्याने ‘मी नाही आश्रमातला’ असे सांगून बाक बदलला. पूर्वी त्याच्या शेजारी बसणारा मुलगा, आमच्याच बालगृहातला, त्याच्याशी दोन महिने बोलला नाही. मी मुलाला रागावणार होते, यजमानांनी थांबवले. ते म्हणाले, “त्याने खोटे कुठे सांगितले? तो आश्रमातला नाहीच.” पुढे त्या दोघांचे जमले, ते त्यांचे त्यांनीच जमवले. आपला मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला आताची शाळा आवडत असेल, तर केवळ समानतेच्या तत्त्वासाठी त्याची शाळा बदलू नये. मुलीचे पहिलीचे वय अजून व्हायचे आहे, तिचा विचार तिथले दोन वर्षांचे राहणे झाल्यावर करता येईल.

सुट्ट्यांची मात्र आधीच तयारी ठेवावी. दिवाळीत आणि मे महिन्यात ज्यांचे पालक येऊ शकतात ती मुले बाल कल्याण समितीच्या (अशा मुलांविषयी निर्णय देणाऱ्या समितीच्या) परवानगीने घरी जातात आणि ज्यांना न्यायला कोणी येत नाही अशी दहा-बारा मुले मागे राहतात. त्याच सुमारास आपली मुले आजोळी निघतात. आमची बॅग एस.टी. स्टँडपर्यंत उचलून द्यायला दरवर्षी एक मुलगा हट्ट धरून येत असे, आणि गाडी सुटेपर्यंत थांबत असे. मला त्या वेळी नेहमी वाटे की जाऊ नये. मी एक वर्ष गेलेही नाही आणि त्या वर्षी माझी मुलगी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. त्यानंतर आम्ही दरवर्षी गेलो, पण परत यायची तारीख मागे राहिलेल्या मुलांना आधी सांगून गेलो आणि ती तारीख एकदाही चुकवली नाही.

निरोपाचे दुःख मात्र टाळता येत नाही. बाल कल्याण समितीचा आदेश सकाळी येतो आणि दुपारी मूल पालकांच्या ताब्यात जाते किंवा दुसऱ्या जिल्ह्यात बदलीने जाते. आपल्या मुलांचा जिवलग मित्र शाळेतून परत येईपर्यंत नाहीसा झालेला असतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की मोठी मुले अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्या मोठ्या मुलांच्या निवासात, किंवा आपल्या वाटेने जातात. माझ्या मुलाला यातून चटकन जीव न लावण्याची सवय लागली, असे त्याची पत्नी आता म्हणते. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. एवढेच करता आले की बदलीची कुणकुण लागताच मी मुलांना सांगू लागले, जेणेकरून निदान वहीत पत्ता लिहून घेता यावा.

पैशाविषयी थोडक्यात, परंतु हे सर्वांत आधी वाचावे असे आहे. नियुक्तिपत्रात ‘वेतन’ लिहिले आहे की ‘मानधन’, हे पाहावे. मानधन म्हटले की भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हे विषयच निघत नाहीत, अशी पुष्कळ संस्थांची समजूत असते. संस्थेत वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधीबद्दल स्पष्ट विचारावे. संस्था धर्मादाय आहे, एवढ्याने ती त्यातून सुटत नाही. शासकीय अनुदान असलेल्या संस्थेत ते उशिरा येते आणि तेवढे महिने पगार थांबतो, त्यामुळे यजमानांची नोकरी कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. ‘दोघेही या, त्यांनाही काहीतरी काम देऊ’ असे विश्वस्त म्हणतील. मी नकार द्यायला सांगेन. क्वार्टर असलेल्या नोकरीत एक धोका असतो, की नोकरी सुटते त्याच महिन्यात डोक्यावरचे छप्परही जाते. त्यात दुसरा पगारही तिथलाच असेल तर चुकीच्या गोष्टीला ‘नाही’ म्हणण्याची ताकद राहत नाही. आम्ही सातव्या वर्षी गावात कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या, भाड्याने दिल्या आणि निवृत्तीनंतर तिथेच राहायला आलो.

शेवटी, कशाकशावर हे सर्व अवलंबून आहे ते सांगते. मुलांची मान्य संख्या आणि प्रत्यक्ष संख्या, रिक्त पदे, रात्रपाळीला खरोखर कोण असते, आणि आधीच्या अधीक्षिका का सोडून गेल्या, या गोष्टी कळल्याशिवाय मी होकार देणार नाही. त्या आधीच्या बाईंना शोधून प्रत्यक्ष भेटावे. विश्वस्त एक सांगतील, त्या दुसरे सांगतील, आणि दोन्हींच्या मधले खरे असेल. नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागावे. संस्थाप्रमुखाने आवारात किंवा अगदी जवळपास राहावे, असे नियमांत अपेक्षित आहे, त्यामुळे ‘मी गावात राहून ये-जा करते’ हा मार्ग बहुधा मिळणार नाही. तो मिळाला तरी सतत फोन येणार असेल तर क्वार्टरच बरे. पहिल्या दहा वर्षांत माझ्याकडे रात्रीचा दुसरा जबाबदार माणूस नव्हता. एका रात्री एक मुलगा पळून गेला, मी पोलीस ठाणे आणि एस.टी. स्टँड पालथे घालत होते, आणि घरी मुलीला एकशे तीन ताप होता. मुलगा पहाटे फलाटावरच्या बाकावर झोपलेला सापडला. मुलीजवळ यजमान होते म्हणून निभावले. आपल्या नियुक्तीच्या अटींमध्ये रात्रीच्या प्रभारी कर्मचाऱ्याचे पद भरलेले असणे, ही अट मी पगाराच्या आकड्याच्याही वर ठेवेन.

आपल्या मुलांनाही एकदा तिथे घेऊन जावे, एखाद्या साध्या दिवशी, संस्थेचा कार्यक्रम नसताना. नऊ वर्षांच्या मुलाला मत असते. आमच्या मुलांना आम्ही विचारले नव्हते, ती लहान होती, आणि ते त्यांनी आम्हाला मोठेपणी बोलून दाखवले आहे.

आणि जाल तेव्हा क्वार्टरचे दार कोणीकडे उघडते ते पाहावे. आमचे एकुलते एक दार थेट मुलांच्या व्हरांड्यात उघडत असे. भाजीची पिशवी, नवा फ्रॉक, नवरा-बायकोचा वाद, सर्व काही साठ मुलांच्या समोरून आत-बाहेर जायचे. मागच्या गल्लीकडे दुसरे दार पाडून द्यावे म्हणून मी अर्ज करत राहिले आणि ते नवव्या वर्षी मिळाले. गवंड्याला दोन दिवस लागले. आपण ते रुजू होण्यापूर्वी मागून घ्यावे, कारण तेव्हा संस्थेला आपली गरज असते.